नावावाचून राहिलेला नारळ

॥ श्री राष्ट्रोळी प्रसन्न ॥

आवळेखोण, पेडणे
१२ मे २०२५

चि. गोकुळदास भावोजींस,
कमलाक्षीचे अनेक आशीर्वाद.

पत्र बघून दचकू नका. इथे माणसे धड आहेत. तुमचे दादाही धड आहेत, गुडघा सोडून. फोन केला असता, पण तुम्ही ऑफिसात असलात की "वयनी, मागीर करतां" म्हणता आणि ते नंतर काही उगवत नाही. शिवाय आपल्याकडे रेंज मिळते ती फक्त गोठ्याच्या पायरीवर, आणि तिथे उभे राहून बोललेले अर्ध्या वाड्याला ऐकू जाते. म्हणून लिहिते. कागद गेल्या वर्षीच्या कॅलेंडरचा आहे, मागची बाजू कोरी होती.

आपली झर बुजवली.

होय, तीच. मी लग्न होऊन आले तेव्हा शाळा बुडवून तुम्ही जिच्यात बसून राहायचात आणि मी कान धरून घरी आणायची, ती. वाड्यामागचा डोंगर कोणा दिल्लीकडच्या माणसाने घेतला आहे. वर बंगले होणार म्हणतात, निळ्या पाण्याच्या टाक्यांसकट. त्यासाठी रस्ता कापला आणि कापलेली माती टिपर भरभरून खाली आणून ओतली, ती थेट झरीच्या तोंडावर. नळाला पाणी येते ते एक दिवसाआड आणि तेही शिंकल्यासारखे. पिण्याला झर, थंडीतल्या मिरसांगेच्या रोपांना झर, चवथीला गणपतीच्या कलशात झर. आता काय घालू कलशात? मिनरल वॉटर?

मी वर गेले होते. मशीनवरचा माणूस कोल्हापूरकडचा, गरीब. त्याला म्हटले, "बाबा, हांगा खाली झर आहे." तो म्हणाला, "मावशी, मला झरीचं कुणी बोललं नाही. माती कुठं टाकायची तेवढंच सांगितलंय." त्याच्यावर काय रागवायचे? त्याला चहा दिला.

मग सरपंचाकडे गेले. तो खुर्चीतून न उठता म्हणाला, "वयनी, हें पंचायतीच्या हातात ना. परवानगी वयल्यान आयल्या."

"वरून आली तर वरच ठेवा," मी म्हटले. "माती तेवढी खाली का?"

तेव्हा त्याला एकदम मोबाईल आला. वाजल्याचे मी काही ऐकले नाही.

आता कामाचे. पेपरात वाचते की विधानसभेत आमदार मंत्र्याला प्रश्न विचारतो आणि मंत्र्याला उत्तर द्यावेच लागते. आजवर देवाशिवाय असा कोणी मला ठाऊक नव्हता. तुम्ही पर्वरीला सरकारच्या खात्यात इतकी वर्षे आहात. हे कसे करायचे असते ते लिहून कळवा. सौ. रेश्माला आशीर्वाद, गौरवीला गोड पापा. ती केवढीही झाली तरी.

आपली,
कमलाक्षी


पर्वरी
२४ मे २०२५

ती. सौ. वयनीस,
गोकुळदासचा साष्टांग नमस्कार. वि. वि.

पत्र वाचून फार वाईट वाटले. इथे आम्ही बाटलीतले पाणी पितो. परवा ते पिताना झरीच्या दगडावरचे शेवाळ आठवले.

प्रश्नाची पद्धत अशी. कोणताही आमदार प्रश्न देऊ शकतो. अधिवेशनाच्या बरेच आधी तो विधानसभेत द्यावा लागतो. तिथून तो ज्या त्या खात्याकडे जातो, खात्याकडून उत्तर तयार होऊन मंत्र्यांकडे जाते आणि मंत्री ते सभागृहात देतात. प्रश्न तारांकित असेल तर तोंडी चर्चा होते, आमदार उलट विचारू शकतो. नसेल तर नुसता कागद मिळतो. तेव्हा तारांकितच मागावा.

आपल्या आमदारांकडे जाऊ नका, ते सरकारात आहेत. शेजारच्या मतदारसंघातले विरोधी पक्षाचे आहेत, त्यांचा मदतनीस सतीश म्हणून आहे, त्याला भेटा. पत्र अगदी थोडक्यात लिहा. सर्वे नंबर, तारीख, काय घडले, काय हवे. रडगाणे नको. सरकारी माणसाला रडगाणे वाचायला वेळ नसतो, आणि वेळ असला तर ते अधिक वाईट.

एक विनंती. मी सांगितले हे कुठे बोलू नका. आमच्या गौरवीची नोकरी सरकारी कंत्राटावर आहे, दर मार्चला मुदत वाढवायला वरची सही लागते. तुम्हाला माहीतच आहे.

दादांना नमस्कार.

आपला,
गोकुळदास


॥ श्री राष्ट्रोळी प्रसन्न ॥

आवळेखोण
१५ जून २०२५

चि. गोकुळदास भावोजींस आशीर्वाद.

तुमचे पत्र देव्हाऱ्यात ठेवले होते, काम झाल्यावर बाहेर काढले. सतीशला भेटले. मुलगा बोलायला बरा. म्हणाला, "काकी, तीन खात्यांचा प्रश्न होईल. डोंगर एकाचा, टिपर दुसऱ्याचे, पंचायत तिसऱ्याची." मी म्हटले, "झर एकच आहे रे." तो हसला. तारांकित टाकतो म्हणाला. टिपरांनी आपला रस्ता असा फोडला आहे की बस आता वडाकडूनच मागे फिरते, तेही त्याला लिहायला लावले.

पत्र मी लिहून दिले. तुम्ही सांगितलेले निम्मे पाळले. सर्वे नंबर घातला, तारीख घातली. पण मोठ्या माणसाच्या दारात जाऊन एकदम तक्रार तोंडावर मारायची, हे मला जमले नाही. आपल्याकडे तशी रीत नाही. राष्ट्रोळीच्या मांडावर देवाला गाऱ्हाणे घालताना गोपाळ घाडी काय करतो? आधी चूक आपल्या माथ्यावर घेतो, मग मागतो. तसेच लिहिले:

"आम्ही लेकरे अजाण आहोत. झरीच्या तोंडाशी आमच्या हातून काही केरकचरा पडला असेल, तिची वाट आमच्यामुळे अडली असेल, आमचे काय चुकले-माकले असेल ते पोटात घालावे, आणि आमची झर आम्हाला मोकळी करून द्यावी."

आणि त्याखाली टिपर, माती, सगळे तपशीलवार.

तुमच्या दादांनी वाचले आणि म्हणाले, "आमदार देव कधीपासून झालो गे? खाली 'होय महाराजा' राहिलां बघ, घाल."

मी म्हटले, "देव नाही, पण आपण माणसे तर आहोत. लीन होऊन मागितले तर काय झिजते?"

पाऊस लागला. मातीचा ढीग वाहून सगळे तांबडे पाणी वाड्यात आले. वाड्यातली सोनाबाय रोज कळशी घेऊन झरीपर्यंत जाते, मातीकडे बघते आणि परत येते. तिला सांगितले, "बाय, तिथे पाणी नाही." ती म्हणाली, "माका म्हायत आसा. पण पाय जातात त्यांका कोण सांगतलो?"

उत्तराची वाट बघते आहे. तारीख कळली की कळवा.

आपली,
कमलाक्षी


पर्वरी
२७ जुलै २०२५

ती. सौ. वयनीस सा. नमस्कार.

घाईत लिहीत आहे. प्रश्न लागला आहे, तारांकित आहे. या आठवड्यात उत्तर होईल. सतीशने प्रश्नासोबत तुमचे मूळ पत्रही जोडून दिले आहे. तसे करायला नको होते. आणि तुम्हीही ते तसे लिहायला नको होते, वयनी. मी रडगाणे नको म्हटले होते.

फार अपेक्षा ठेवू नये. सरकारी कामात एका कागदाने काही होत नाही आणि काही बिघडतही नाही.

कोणी विचारलेच तर मी तुमचा दीर आहे हे सांगू नये.

आपला,
गोकुळदास


॥ श्री राष्ट्रोळी प्रसन्न ॥

आवळेखोण
३ ऑगस्ट २०२५

चि. गोकुळदास भावोजींस,

आशीर्वाद मनात आहेत, आज लिहायला हात वळत नाही. तो तुमच्यावर राग नव्हे.

उत्तर आले. सतीशने कागद पाठवला. इंग्रजीत आहे. मी मॅट्रिक झालेली बाई, शब्दकोश घेऊन बसले आणि ओळ न ओळ लावली. दोनदा लावली, कारण पहिल्यांदा वाटले माझेच चुकले. मराठीत ते असे होते: सदर ठिकाणी झर असल्याची नोंद नाही. तो पावसाळी ओहोळ आहे. ओहोळाच्या मुखाशी स्थानिकांनी केरकचरा टाकल्यामुळे प्रवाह अडला, हे रहिवाशांनी स्वतः लेखी मान्य केले आहे. सबब विकासकावर कारवाईचा प्रश्न उद्भवत नाही.

टिपरांचे विचारले तर ते दुसऱ्या खात्याचे. पंचायतीचे विचारले तर ते तिसऱ्या खात्याचे. आमचे काय ते फक्त केरकचरा!

भावोजी, माझे अक्षर घेऊन माझ्याच गळ्यात घातले. मी देवापुढे वाकते तशी वाकले, तर यांनी पाठीवर पाय ठेवून फोटो काढून घेतला. मान्य केले म्हणे! मांडावर घाडी "चूकमाक पोटात घाल" म्हणतो तेव्हा देव काय त्याला पोलिसात देतो? मे महिन्याच्या वणव्यात पोटात घोटभर थंड पाणी देत होती ती झर पावसाळी ओहोळ? कोण बघायला आला होता? एक जीप आली होती म्हणतात. वडाजवळ थांबली, आतला माणूस काच खाली करून दिसेल तेवढा डोंगर बघून गेला. पाय मातीला लावला नाही. त्याच्या बुटांचेच भाग्य!

आता गावात काय झाले आहे ऐका. सरपंच ते उत्तर मोबाईलवर दाखवत फिरतो. मला रस्त्यात अडवून म्हणाला, "वयनी, तुमींच लिवन दिलां मू?" आणि बाया, ज्यांच्या कळशा रिकाम्या आहेत त्या, मला बघून वाट बदलतात. परवा शेजारच्या कोमलच्या सासूने म्हटले, "कमलाक्षीन आमका कचरो केलो." वर आता त्या दिल्लीकराला दुसऱ्या बाजूचा डोंगर कापायचीही परवानगी मिळणार म्हणतात, कारण सभागृहात मंत्री बोलले की खाली झरच नाही.

मंत्र्याला मी दोष कमी देते. तुम्हीच लिहिले होते की मंत्री वाचतो, लिहितो दुसराच. मला तो दुसरा हवा आहे. ज्याने ही ओळ लिहिली त्याने उभ्या जन्मात कुठल्या गावच्या झरीला तोंड लावलेले नाही. त्याला गाऱ्हाणे म्हणजे काय ते ठाऊक नाही, नाहीतर असे लिहायला त्याचा हात उचललाच नसता.

मी नारळ काढून ठेवला आहे. राष्ट्रोळीपुढे ठेवणार आणि गोपाळ घाड्याकडून गाऱ्हाणे घालणार, साधे नव्हे, शापाचे. पण देव मोघम गाऱ्हाणे घेत नाही. "अमक्या घरचो, अमक्याचो पूत" असे सांगावे लागते. तुम्ही त्याच इमारतींच्या गर्दीत वावरता. त्या माणसाचे नाव आणि त्याच्या बापाचे नाव मला कळवा. बाकी मी आणि देव बघून घेऊ.

आपली,
कमलाक्षी


पर्वरी
९ ऑगस्ट २०२५

ती. सौ. वयनीस,
गोकुळदासचा साष्टांग नमस्कार.

नाव लिहून घ्या. गोकुळदास. बापाचे नाव विष्णू. घर परबांचे, आवळेखोण.

पाच कागद फाडले, म्हणून उशीर झाला. प्रश्न माझ्याच टेबलावर आला होता. मे महिन्यात तुम्हाला "खात्याकडून उत्तर तयार होते" असे लिहिले तेव्हाच मला ठाऊक होते की तो इथेच येणार. ते लिहिले नाही, कारण वाटले की साधे, मधले उत्तर लिहीन, "पाहणी चालू आहे" असे. तेवढ्याने तुम्हालाही बरे वाटले असते आणि मलाही.

पण साहेबांनी फाईल मागवली. तुमचे पत्र वर होते. त्यांनी ती ओळ वाचली, चष्मा काढला आणि म्हणाले, "परब, हें तर सोंपें जालें. त्यांनीच मान्य केलां. बरय." मी म्हटले, "सर, ही बोलायची रीत आहे आमच्याकडची." ते म्हणाले, "रीत फायलीत ना. फायलीत कागद आसा." आणि मग हसून विचारले, "गौरवी खंय आसा आतां? त्याच ऑफिसांत मू?"

मी लिहिले. झर नाही असेही मीच लिहिले, जीपवाल्याच्या अहवालावरून. वयनी, मला गाऱ्हाणे ठाऊक नाही असे तुम्ही लिहिलेत. मी बाबांच्या खांद्यावर बसून गाऱ्हाणी ऐकलेली आहेत. ठाऊक होते म्हणूनच ती ओळ नेमकी कशी वळवायची ते जमले. दुसऱ्या कोणाला ती इतकी चांगली जमली नसती.

आता तुम्ही काय ते ठरवा. यंदा चवथीला आम्ही येत नाही. रेश्माला सांगितले आहे की रजा नाही.

गोकुळदास


॥ श्री राष्ट्रोळी प्रसन्न ॥

आवळेखोण
१४ ऑगस्ट २०२५

गोकुळदास,

तुला लहानपणी "तू" म्हणत होते. नोकरी लागली, टाय लावून फोटो काढलास, तेव्हापासून "तुम्ही" म्हणू लागले. आज "तू"च लिहिते, बाकीचे तू स्वतःच काढून टाकले आहेस.

पत्र वाचले आणि सरळ चुलीपाशी जाऊन बसले. तुझ्या दादांनी विचारले, "कोण मेलो?" मी कागद दिला. त्यांनी वाचला, चष्मा पुसला, परत वाचला. मग म्हणाले, "आमच्याच घरचो कचरो तो." एवढे बोलून उठले आणि कितीतरी वेळ गोठ्यातल्या रिकाम्या दावणीपाशी उभे राहिले.

तू मॅट्रिकला बसलास तो माझी पुस्तके वाचून. त्यांतली मराठीची पाने मी तुला समजावली होती. आज तीच विद्या तू माझ्या ओळीवर चालवलीस! साहेबाने मुलीचे नाव काढले, समजते मला, मीही आई आहे. पण तिच्या मार्चच्या सहीसाठी सोनाबायची कळशी द्यायची हे कोणत्या पोथीत आहे? आणि साहेबाने तिचे नाव घेतले तेव्हा तू गप्प बसलास. म्हणजे उद्या तो दुसऱ्या कशालाही तिचे नाव घेणार. तू तिला वाचवले नाहीस, तिला दोरी बांधून तिचे टोक त्याच्या हातात दिलेस.

नारळाचे काय करू ते सांग. गोपाळ घाडी दोनदा विचारून गेला, "वयनी, नाव गावला?" मी त्याला चहा देऊन परत पाठवले. कारण मांडावर नाव घालायचे तर "परबाच्या घरचो, विष्णूचो पूत" म्हणावे लागेल, आणि देवाने ते ऐकले तर तो शाप याच उंबऱ्यातून आत येईल. मामंजींचे नाव मी लग्नापासून कधी तोंडाने घेतलेले नाही. ते पहिल्यांदा शापात घेऊ?

चवथीला येत नाही म्हणतोस. रजा नाही! यायचे. रेश्माला आणि गौरवीलाही आणायचे. आदल्या दिवशी झरीवरून गणपतीचे पाणी आणणे हे आपल्या घरात धाकट्याचे काम, ते तुझे. कळशी घासून ठेवते. सभागृहात जी झर नाही, तिचे पाणी भरून आण. बघू कसे आणतोस.

कमलाक्षी


पर्वरी
१५ सप्टेंबर २०२५

ती. सौ. वयनीस,
गोकुळदासचा साष्टांग नमस्कार. वि. वि.

चवथीनंतर लिहायचे राहिले ते आळसाने नव्हे. लिहिण्यासारखे काही करून मगच लिहायचे ठरवले होते.

चवथीच्या आदल्या दिवशी तुम्ही मला कळशी दिलीत. मी झरीवर गेलो. मातीत गुडघ्यापर्यंत रुतलो. हातांनी उकरले तेव्हा कुठे खालून तांबडे पाणी पाझरले. अर्धी कळशी भरायला सकाळ गेली. परत आलो तर ओसरीवर सोनाबाय, कोमलची सासू, घाडी, सगळे बसलेले. मला वाटले आता माझे नाव घेणार. तुम्ही त्या पाण्याचा पेला भरून माझ्यापुढे धरलात आणि म्हणालात, "पी. तुमच्या खात्याच्या हिशेबाने हे नाहीच. तेव्हा काही बाधायचे नाही."

मी प्यालो. दातांत माती कचकचली. गौरवी बघत होती. तिने माझ्या हातातून पेला घेतला आणि उरलेले तीही प्याली. नंतर गाडीत ती मला म्हणाली, "पप्पा, मार्चचे माझे मी बघीन. माझे नाव काढून तुम्हाला कोणी घाबरवू नये."

आता केले ते सांगतो. सभागृहात चुकीचे उत्तर गेले असेल तर मंत्र्यांना पुढे दुरुस्ती ठेवता येते. तशी टिप्पणी लिहून मी फाईल वर पाठवली: झर बारमाही आहे, मी त्याच वाड्यात जन्मलो आहे, रहिवाशांच्या पत्रातील ओळ ही कबुली नसून विनंतीची रूढ रीत आहे, उत्तर मी लिहिले आणि ते चुकीचे लिहिले. खाली पूर्ण नावाने सही केली.

साहेब म्हणाले, "परब, तुमकां निवृत्त जावपाचें आसा मू? शांतपणान जायात." दुसऱ्या दिवशी बदलीचा कागद आला. काणकोणला जायचे आहे. पेडण्यातून निघालेला माणूस यापेक्षा लांब गोव्यात जाऊच शकत नाही, पुढे कर्नाटक. फाईल वर गेली की खणात गेली, मला सांगता येत नाही. पण तिची प्रत मी आवळेखोणचा घरमालक म्हणून वेगळ्या अर्जाने सतीशच्या आमदारांकडे दिली आहे.

नारळाचे तुम्ही त्या दिवशी काही बोलला नाहीत. माझे नाव घातले असलेत तरी माझी तक्रार नाही.

आपला,
गोकुळदास


॥ श्री राष्ट्रोळी प्रसन्न ॥

आवळेखोण
२८ सप्टेंबर २०२५

चि. गोकुळदास भावोजींस कमलाक्षीचे अनेक आशीर्वाद.

काणकोणला थंडी जास्त पडते म्हणतात. तुमच्या दादांचा लोकरी गळपट्टा पाठवते, तो त्यांना टोचतो.

इथले ऐका. तुम्ही गेल्यावर आम्ही बाया फावडी घेऊन झरीवर गेलो. कोमलची सासू सगळ्यांत पुढे. मला कचरा म्हटल्याचे ती विसरली आहे, मीही विसरल्यासारखे करते. तोंडावरची माती बाजूला ओढली. पाणी आले, बोटाएवढे, तांबडे. आता जरा निवळते आहे. सोनाबायने पहिली कळशी भरली आणि ती तिथेच झरीच्या दगडावर ओतली. म्हणाली, "आदी तिका दी, मगे आमका."

दुसऱ्याच दिवशी सरपंच आला, सोबत त्या कंपनीचा गॉगलवाला मॅनेजर. म्हणे ती माती कंपनीची मालमत्ता आहे, परवानगीशिवाय हलवली, तुमच्यावर तक्रार होऊ शकते. बघा न्याय! टाकताना त्या मातीला बाप नव्हता. उचलताना मालक उभा राहिला. तुमचे दादा ओसरीवरून ओरडले, "तुमची आसा तर घेवन चला! पिशवी देऊ?" गेले दोघेही. पण दसऱ्यानंतर मशीन परत येणार आणि दुसरी बाजू कापणार, हे ते जाता जाता सांगून गेले. तेव्हा बोटभर पाण्यावर मी काही खूश होऊन बसलेले नाही.

सतीश येऊन गेला. तुमची प्रत त्याने आमदारांना दाखवली आहे. पुढच्या अधिवेशनात पुन्हा प्रश्न टाकणार. मजकूर मीच लिहून दिला, या वेळी तुमचा सल्ला पूर्ण पाळून. तुम्हाला वाचायला इथे उतरवते:

"आवळेखोण वाड्यामागे झर आहे की नाही, हे मंत्र्यांच्या खात्यातील कोणी पायाने चालत जाऊन बघितले काय? बघितले असल्यास तिचे पाणी चाखले काय? बघितले नसल्यास मागील उत्तर कोठे बसून आणि कोणाच्या सांगण्यावरून लिहिले? उत्तर चुकीचे असल्याची टिप्पणी खात्यातूनच वर गेली, ती आज कोणाच्या खणात आहे? झरीवरची माती कोण उचलणार आणि डोंगर कापणे कधी थांबणार?"

सतीश म्हणाला, "काकी, शेवटी 'कृपया' घालूया?" मी म्हटले, "नको रे. देवापुढे वाकायचे ते वाकून झाले आहे. प्रश्न उभ्यानेच विचारायचा असतो, हे मला उशिरा कळले."

आता नारळ. तुमचे नाव घातले नाही. जो माणूस आपली चूक आपल्या सहीने लिहून देतो, त्याच्यावरचे गाऱ्हाणे देवही घेत नाही, असे गोपाळ घाडी म्हणाला. त्याने हे जुन्या रिवाजातून सांगितले की माझे तोंड बघून, ते मी विचारले नाही.

पण तो नारळ मी वाटून खाल्लेला नाही. देव्हाऱ्याखाली शेंडीसकट तसाच आहे. देवासाठी काढून ठेवलेला नारळ परत चुलीकडे जात नाही. पुढच्या उत्तराची मी वाट बघते आहे. तुमच्या त्या खात्यात कोणी ओळखीचे उरले असेल, तर एवढा निरोप द्या: उत्तर जे द्यायचे ते द्या, पण खाली सही करणाऱ्याने आपले नाव आणि बापाचे नाव नीट वाचता येईल असे लिहावे. मला ते गोपाळ घाड्याला वाचून दाखवायचे आहे.

आपली वयनी,
कमलाक्षी